संगणक धडधाकट, मुदत मात्र संपलेली

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक नेहमीप्रमाणे सुरू झाले, दिवसभर चालले आणि संध्याकाळी बंद करण्यात आले. कुठल्याही यंत्रात काहीही बिघडले नाही. तरीही त्या दिवसाने या यंत्रांचे भवितव्य बदलले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला दिले जाणारे नियमित पाठबळ त्या दिवशी थांबवले. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षांहून अधिक काळ टिकली. तिची उत्तराधिकारी असलेली 'विंडोज ११' ५ ऑक्टोबर २०२१ पासूनच उपलब्ध होती. पण स्टॅटकाउंटर या संस्थेच्या आकडेवारीत तिला थोरल्या बहिणीच्या पुढे जाण्यासाठी जुलै २०२५ उजाडावा लागला. मुदत संपण्याच्या सुमारासही जगातील विंडोज संगणकांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास संगणक जुन्याच प्रणालीवर चालत होते.

नवी प्रणाली घ्यावी की आहे तीवरच भागवावे, हा प्रश्न त्यामुळे एखाद्या तंत्रवेड्या तरुणाचा राहिलेला नाही. तो पतसंस्थेच्या सचिवाचा आहे, शाळेच्या मुख्याध्यापकाचा आहे, दवाखान्यात बिले करणाऱ्या कारकुनाचा आहे आणि निवृत्तीनंतर नेट बँकिंग शिकलेल्या गृहस्थाचाही आहे. या वादात दोन टोकाची मते ऐकू येतात. विलंब न लावता नव्यावर जावे, जुने म्हणजे धोक्याचे, असे एक मत. हा सारा कंपन्यांचा धंदा आहे, चालत्या यंत्राला कशाला हात लावायचा, असे दुसरे. दोन्हींत अर्धे तथ्य आहे. उरलेले अर्धे शोधायचे तर वाद 'जुने की नवे' या चौकटीतून बाहेर काढावा लागतो.

मुदत संपते म्हणजे काय होते?

कार्यप्रणाली हा संगणकाच्या यंत्रभागाचा आणि वापरणाऱ्याचा दुवा. फाइल उघडणे, कागद छापणे, महाजालाशी जोडले जाणे ही सारी कामे तिच्यामार्फत होतात. तिच्या संहितेच्या ओळी कोट्यवधींच्या घरात असतात आणि इतक्या मोठ्या रचनेत त्रुटी राहणे अटळ असते. त्या सापडतील तशा बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करीत आली आहे. पाठबळ संपते म्हणजे हा दरमहाचा रतीब बंद होतो. संगणक बंद पडत नाही. त्याच्या भिंतीला पडणारी भोके बुजवणारा गवंडी येईनासा होतो.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. 'विंडोज १०' आणि 'विंडोज ११' यांच्या संहितेचा बराच भाग समान आहे. नव्या प्रणालीसाठी प्रसिद्ध होणारी प्रत्येक दुरुस्ती जाणकार घुसखोराला त्रुटी नेमकी कुठे आहे हे सांगून जाते. तीच त्रुटी जुन्या प्रणालीतही असेल आणि तेथे ती बुजवली गेली नसेल, तर नव्याचे औषध हेच जुन्यावरील हल्ल्याचे नकाशे ठरतात. म्हणूनच मुदत संपलेली प्रणाली पहिल्या दिवशी असते त्यापेक्षा सहाव्या महिन्यात अधिक असुरक्षित असते, आणि दुसऱ्या वर्षी त्याहूनही अधिक.

संशयाला इतिहास आहे

असे असूनही लोक टाळाटाळ करतात, ती केवळ आळसापोटी नव्हे. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या 'विंडोज एक्सपी'वर अनेक घरांनी आणि कार्यालयांनी संगणकाची अक्षरे गिरवली. तिच्या जागी ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी 'व्हिस्टा' आली, तेव्हा जुने प्रिंटर आणि स्कॅनर तिला ओळखेनात. चांगले चालणारे संगणक तिच्या ओझ्याने धापा टाकू लागले. 'व्हिस्टासाठी सक्षम' अशी पट्टी लावून विकलेल्या काही संगणकांवर तिची बहुचर्चित दृश्यरचना चालतच नसल्याचा आक्षेप अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. एक्सपीची विक्री सुरू ठेवावी यासाठी स्वाक्षऱ्यांची मोहीम झाली आणि छोट्या, स्वस्त संगणकांवर ती विकू देण्याची तडजोड कंपनीला करावी लागली. २२ ऑक्टोबर २००९ रोजी 'विंडोज ७' आली आणि 'व्हिस्टा' वगळून थेट पुढची पायरी चढणारे शहाणे ठरले.

'विंडोज १०'च्या वेळी तऱ्हा निराळी होती. पहिले वर्ष ती जुन्या ग्राहकांना मोफत देण्यात आली, पण ती स्वीकारावी यासाठी पडद्यावर सूचनांचा इतका भडिमार झाला की, नको असताना प्रणाली बदलली गेल्याच्या तक्रारी आल्या. कॅलिफोर्नियातील एका प्रवास व्यावसायिक महिलेला अशाच प्रकरणात १० हजार डॉलरची भरपाई मिळाली. कंपनीने २०१६ मध्ये त्यावरील अपील मागे घेतले. या अनुभवांतून वापरणाऱ्यांनी एक धडा घेतला : पहिल्या रांगेत उभे राहू नये. तो धडा चुकीचा नाही. चूक झाली ती तो ताणून 'कधीच बदलू नये' येथवर नेण्यात.

२०१७ चा खरा धडा

या चुकीची किंमत १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिली. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला सर्वाधिक प्रसिद्धी मिळालेला तडाखा बसला. रुग्णवाहिका अन्यत्र वळवाव्या लागल्या. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार १९ हजारांहून अधिक भेटी आणि उपचार रद्द झाले. महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ लागली.

त्या वेळी सगळ्यांनी बोट दाखवले ते एक्सपीकडे. तिची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती. ब्रिटिश सरकारने आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्यांसाठी ५५ लाख पौंड मोजले आणि नंतर तो करार वाढवला नाही. त्यामुळे कथा सरळ वाटत होती : जुनी प्रणाली, म्हणून हल्ला. पण तपशील वेगळे निघाले. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के 'विंडोज ७'वर चालणारे होते. ब्रिटिश आरोग्य सेवेतील बाधित यंत्रांपैकीही बहुतेक 'विंडोज ७'चीच होती, असे लेखापरीक्षकांनी नोंदवले. ही प्रणाली तेव्हा पूर्णपणे पाठबळात होती. हल्ल्यासाठी वापरली गेलेली त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ती बसवण्याचे काम कोणी केले नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम त्यामुळे ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. मर्स्कने या हल्ल्यामुळे २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचा अंदाज सांगितला. या विषाणूची सुरुवात झाली ती युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अपडेटमधून. ज्या वाटेने औषध यायचे, त्याच वाटेने विष आले. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. हा हल्लाही नव्हता. ती निव्वळ चूक होती.

या घटना एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. सुरक्षितता प्रणालीच्या नवेपणावर अवलंबून नसते, ती देखभालीवर अवलंबून असते. नवी प्रणाली बसवून दुरुस्त्यांकडे दुर्लक्ष करणारे कार्यालय हे नवे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणाऱ्या घरासारखे आहे. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : ज्या प्रणालीच्या दुरुस्त्याच निघत नाहीत, तिची देखभाल कितीही तत्पर माणसाला करता येत नाही. मुदतीचे महत्त्व येथे आहे, नव्या रंगरूपात नाही.

एटीएमची रखडगाथा

देखभाल रखडली की काय होते, याचे भारतीय उदाहरण एटीएमचे आहे. देशातील अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. मुदत २०१४ मध्ये संपली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांचे लक्ष याकडे वेधले आणि पुरेशी हालचाल न दिसल्याने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे टप्पेच आखून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे पाठबळात असलेल्या प्रणालीवर नेण्याचे ते आदेश होते. म्हणजे नियामकाने दिलेली अंतिम तारीखच मूळ मुदतीनंतर पाच वर्षांनी येत होती.

गंमत अशी की, 'विंडोज ७'ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपणार हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. ज्या यंत्रांना एक्सपीवरून उचलून 'विंडोज ७'वर बसवले गेले असेल, त्यांच्यापुढे सात महिन्यांत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. बदल शेवटच्या क्षणी आणि कमीत कमी खर्चात उरकायचा म्हटले की माणूस पुढच्या पायरीऐवजी ढासळत्या पायरीवर पाय ठेवतो. याच संदर्भात हेही सांगायला हवे की, एका जागी राहून एकच काम करणाऱ्या यंत्रांसाठी विंडोजच्या दीर्घ मुदतीच्या खास आवृत्त्या असतात. 'विंडोज १०'च्या २०२१ मधील अशा एका आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत पाठबळ जाहीर झालेले आहे. सर्वसामान्य ग्राहकासाठी जी मुदत संपली, ती बँकेच्या यंत्रासाठी संपलेली असतेच असे नाही. मुदत तांत्रिक अपरिहार्यतेइतकीच व्यापारी निर्णयाचीही असते, याचा हा पुरावा.

न बदलणाऱ्यांची बाजू

जुन्यावर टिकून राहणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, ज्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. मराठी छपाई व्यवसाय हे त्याचे ठळक उदाहरण. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, दिवाळी अंक पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या टंकांत जुळवले गेले. या टंकांची अक्षरयोजना ज्याची त्याची स्वतंत्र होती. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती ठरली आणि तिला युनिकोड देवनागरी उमगत नाही. एखाद्या मुद्रकाकडे वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फाइली अशा साच्यात बंद असतील, जुन्या टंकांचे हार्डवेअर लॉक जुन्याच संगणकाला लागत असेल, तर त्याच्यासाठी प्रणाली बदलणे म्हणजे अख्खे दुकान हलवणे असते. नवी आवृत्ती काढायची तर जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ओळीन् ओळ पुन्हा तपासावी लागते. र्‍हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे कुठे निसटतील याचा नेम नसतो.

याच नाण्याची दुसरी बाजूही मराठीनेच पाहिली आहे. 'विंडोज २०००'मध्ये 'मंगल' टंकासह देवनागरी युनिकोडचा आधार आला. एक्सपीमध्ये तो मिळवण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि बहुधा मूळ सीडी शोधावी लागे. मराठी संकेतस्थळ उघडावे तर चौकोनच चौकोन दिसत, किंवा आधी त्या संकेतस्थळाचा टंक उतरवून घ्यावा लागे. 'व्हिस्टा'पासून देवनागरी आपोआप दिसू लागली. ज्या 'व्हिस्टा'ला जगभर बोल लावले गेले, तिच्या खाती मराठी वाचकापुरते हे पुण्य जमा आहे. एकाच बदलाने वाचकाची सोय केली आणि मुद्रकाची अडचण. कोणताही सरसकट सल्ला म्हणूनच फसवा असतो.

असाच दुसरा वर्ग डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांचा. ठोक व्यापारी, लहान पतसंस्था, जुने दवाखाने यांच्याकडे एखाद्या स्थानिक प्रोग्रॅमरने कधीकाळी लिहून दिलेली अशी प्रणाली निमूट काम करीत असते. 'विंडोज १०'ची ३२ बिटची आवृत्ती उपलब्ध होती आणि तिच्यावर १६ बिटचे जुने कार्यक्रम चालवता येत. 'विंडोज ११' फक्त ६४ बिटची आहे. त्यावर ते थेट चालत नाहीत. डॉसचे वातावरण आभासी पद्धतीने उभे करणारी मोफत साधने मिळतात, पण ती जुळवून देणारा माणूस लागतो. मूळ प्रोग्रॅमर गाव सोडून गेलेला असतो आणि संहितेची प्रत कोणाकडेच नसते. अशा ठिकाणी प्रणाली बदलण्याचा खर्च परवान्याच्या किमतीत मोजता येत नाही.

उंबरठा आणि त्याची किंमत

'विंडोज ११'ने यात नव्या अडचणीची भर घातली. आधीची प्रणाली वापरणाऱ्यांना ती मोफत आहे, पण सर्वांना नाही. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर असल्याशिवाय कंपनी तिला मान्यता देत नाही. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर या यादीत बसतात. संगणक सुरू होताना त्याच्याशी छेडछाड झाली आहे का, हे तपासण्यासाठी आणि माहिती कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या जपण्यासाठी ही चिप उपयोगी पडते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण रेषा आखताना कंपनीने सातव्या पिढीतील मोजक्या प्रोसेसरना सवलत दिली आणि त्यांत तिच्या स्वतःच्या 'सरफेस स्टुडिओ २'मधील प्रोसेसर होता. तेव्हा ही रेषा शुद्ध अभियांत्रिकीची आहे, हा दावा पातळ झाला.

या उंबरठ्यामुळे बाहेर राहिलेल्या संगणकांची संख्या मोठी आहे. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की, असे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर संकलन व पुनर्वापरासाठी नोंद झाली. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. पण धडधाकट यंत्र कचरा का ठरावे, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

बाहेर राहिलेल्यांसाठी कंपनीने पैसे घेऊन दुरुस्त्या पुरवण्याची सोय ठेवली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षासाठी ३० डॉलर, अथवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून संगणकाच्या सेटिंगची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवल्यास मोफत, अशी ती योजना जाहीर झाली. युरोपातील ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रात सेटिंगची अट काढून टाकण्यात आली. अन्यत्र ती राहिली. ज्या देशातील ग्राहक संघटित, त्या देशात त्याच मालाच्या अटी सौम्य, हे यातून दिसले.

संस्थांसाठीचे गणित अधिक कडू आहे. प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांची बेरीज होते ४२७ डॉलर. २०२५ अखेरच्या विनिमय दराने ती सुमारे ३७-३८ हजार रुपये भरते. म्हणजे कार्यालयीन कामाचा एक साधा नवा संगणक. ही दररचना मुळात थांबण्यासाठी नाही, हलवण्यासाठी आहे. शाळांना तीन वर्षांसाठी अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर असा नाममात्र दर ठेवण्यात आला. तेव्हा एखाद्या शैक्षणिक संस्थेला कोणी नवीन संगणकांची तातडीची खरेदी सुचवत असेल, तर तिने आधी ही सवलत आपल्याला लागू होते का, हे विचारायला हवे.

तिसरा रस्ता

नवे घ्यावे किंवा जुने ठेवावे, याशिवाय तिसरा मार्ग आहे तो लिनक्सचा. त्याच्या सोप्या, मोफत आवृत्त्या सात-आठ वर्षे जुन्या यंत्रांवर सुखाने चालतात आणि त्यांना नियमित दुरुस्त्या मिळतात. केरळने आपल्या शाळांत दोन दशकांपूर्वीच मुक्त प्रणालीचा मार्ग धरला आणि तो सोडला नाही. संरक्षण मंत्रालयाने महाजालाशी जोडलेल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित 'माया' प्रणाली स्वीकारल्याचे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण येथेही भाबडेपणा नको. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. केरळ आणि म्युनिक यांतील फरक शिकवणारा आहे. केरळने प्रणालीबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण, स्थानिक भाषेचा आधार आणि पाठ्यक्रम हे सारे एकत्र बदलले. मुलांनी पहिला संगणक पाहिला तोच त्या प्रणालीवर. म्युनिकला रोज बाहेरच्या विंडोज-जगाशी कागदपत्रांची देवघेव करावी लागत होती आणि राजकीय पाठिंबा बदलत गेला. प्रणाली फुकट मिळते, पण तिच्याभोवतीची माणसे तयार करण्याचा खर्च फुकट नसतो.

निर्णय यंत्राच्या कामावरून

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ असा की, निर्णय प्रणालीच्या वयावरून नव्हे, यंत्राच्या कामावरून घ्यायला हवा. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, कर भरले जातात, सभासदांची वा रुग्णांची माहिती हाताळली जाते आणि जो महाजालाशी जोडलेला आहे, तो पाठबळाविना प्रणालीवर ठेवणे समर्थनीय नाही. तेथील जोखीम मालकाची एकट्याची नसते. ज्यांनी विश्वासाने आपली माहिती दिली त्यांचीही असते. असा संगणक पात्र असेल तर त्यावर नवी प्रणाली घ्यावी. त्याआधी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. नव्या प्रणालीत माहिती आपोआप कुलूपबंद होण्याची सोय अनेकदा सुरू असते, तेव्हा तिची किल्ली लिहून जपावी. नाहीतर घुसखोराआधी मालकालाच दार बंद व्हायचे. संगणक पात्र नसेल तर वाढीव दुरुस्त्यांची मुदत हा उपाय नसून उसंत आहे, हे समजून तेवढ्या काळात लिनक्सची किंवा नव्या यंत्राची तयारी करावी.

मुद्रकाचा पेजमेकर किंवा व्यापाऱ्याचा फॉक्सप्रो ज्यावर चालतो, त्या यंत्राला मात्र हात लावण्याची घाई नको. त्याची महाजालाची जोडणी तोडावी, कार्यालयातील इतर संगणकांपासून ते वेगळे करावे आणि पेन ड्राइव्ह तपासूनच लावावा. एकटे पडलेले जुने यंत्र बरीच वर्षे निर्धोक सेवा देऊ शकते. फक्त डिस्क कधीतरी जाणार हे धरून त्यातील माहिती आजच बाहेर काढून ठेवावी.

राहिला प्रश्न धोरणाचा. 'विंडोज १०'ची अखेरची तारीख कंपनीने सुरुवातीपासून जाहीर केली होती, हे तिच्या बाजूने मान्य करावे लागेल. पण २०१८ मध्ये सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेला नवा संगणक विकत घेणाऱ्याला, हे यंत्र सात वर्षांनी पुढच्या प्रणालीच्या दारात अडवले जाईल, असे कोणी सांगितले नव्हते. सांगणे शक्यही नव्हते, कारण अट २०२१ मध्ये आली. युरोपीय संघाच्या १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या सायबर सुरक्षा कायद्याने यावर उत्तर शोधले आहे. उत्पादकाने साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या द्याव्यात आणि त्या कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील, हे खरेदीच्या वेळीच सांगावे, असे बंधन त्यात आहे; मुख्य तरतुदींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख आहे. स्पर्धेमुळेही हे घडू शकते : गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीतील फोनसाठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली, कारण ती विक्रीचा मुद्दा बनली.

भारतात औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते आणि बिस्किटाच्या पुड्यावरही. तीस-चाळीस हजारांच्या संगणकाच्या खोक्यावर किंमत असते, उत्पादनाचा महिना असतो. दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील ही ओळ मात्र नसते. 'दुरुस्तीच्या हक्का'साठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र पोर्टल सुरू केले. त्या हक्कात सुट्या भागांबरोबर प्रणालीच्या दुरुस्त्यांचाही समावेश व्हावा, ही मागणी अवास्तव नाही. सरकारी खात्यांनी आणि जिल्हा परिषदांनी संगणक खरेदीच्या निविदेत पाठबळाच्या वर्षांची अट घातली, तरी बाजाराला तिची दखल घ्यावी लागेल. सरकारसारखा मोठा गिऱ्हाईक दुसरा नाही.

'विंडोज ११'चीही मुदत एक दिवस संपेल आणि हाच वाद नव्या नावाने पुन्हा रंगेल. तोवर पतसंस्थेच्या सचिवाने आणि शाळेच्या मुख्याध्यापकाने एवढे केले तरी पुरे : कार्यालयातील प्रत्येक संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो आणि तिचे पाठबळ कधी संपते, ही दोन खणांची यादी करून भिंतीवर लावावी आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक ओळ राखावी. तारीख आधीच ठाऊक असेल तर नवी प्रणाली घेण्याची घाई करावी लागत नाही, आणि टाळाटाळ करायला निमित्तही उरत नाही.